आमचे जलशोधन

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात एकतीस वर्षे स्टोअरकीपरी केल्यामुळे, ज्या वस्तूची तीन दरपत्रके आलेली नाहीत ती वस्तू जगात अस्तित्वात आहे असे मी सहसा मानीत नाही. आणि तरीदेखील, घरात पिण्याचे पाणी शुद्ध करणारे यंत्र घ्यावे असा ठराव मी दुपारची वामकुक्षी करीत असताना सौभाग्यवतीने मांडला, सूनबाईंनी त्यास अनुमोदन दिले, चिरंजीवांनी हिंजवडीच्या कचेरीतून फोनवर संमती कळवली, आणि मी डोळे चोळीत बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा माझ्या वाट्याला केवळ अंमलबजावणी तेवढी शिल्लक राहिली होती. ठरावाचे निमित्त असे की नातीचे पोट दोन दिवस बिघडले होते. डॉक्टरांनी आपला संशय चौकातल्या पाणीपुरीवर व्यक्त केला होता. परंतु पाणीपुरी ही घरातील यच्चयावत मंडळींना प्रिय असल्यामुळे तिला संशयाचा फायदा देऊन मुक्त करण्यात आले आणि आरोपपत्र नुसत्या पाण्यावर ठेवण्यात आले.

पाण्याचे वकीलपत्र घेणारी एकच व्यक्ती घरात निघाली, ती म्हणजे आमची आई. तिचे वय चौऱ्याऐंशी, गळ्यात तुळशीची माळ, जन्म आणि सासर दोन्ही चिखलीतच. “इंद्रायणीचं पाणी ते,” ती म्हणाली, “त्याला कसलं यंत्र लावताय?”

हे बोलणे भाबडेपणाचे वाटले तरी वस्तुस्थितीला धरून आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. आमच्या गावाला जुनी माणसे अजून टाळगाव चिखली म्हणतात, कारण तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी मल्हारपंत कुलकर्णी हे चिखलीचे. ज्या इंद्रायणीने बुडवलेली गाथा तेरा दिवसांनी कोरडीच्या कोरडी परत केली अशी आख्यायिका आहे, तीच नदी आमच्या शिवेवरून वाहते. १९९७ साली गाव महापालिकेत गेले, शेतांच्या सोसायट्या झाल्या, कुदळवाडीत भंगाराची गोदामे उभी राहिली आणि पुढे महापालिकेने ती पाडली. परंतु पाण्याच्या बाबतीत नियतीने एक विलक्षण वर्तुळ पूर्ण केले. आंद्रा धरणातून सोडलेले पाणी इंद्रायणीच्या पात्राने देहूवरून वाहत खाली येते, निघोज्याच्या बंधाऱ्यावर उचलले जाते आणि आमच्या चिखलीतच उभारलेल्या, दिवसाला १०० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात शुद्ध होऊन शहराच्या नळांना जाते. म्हणजे आई जे श्रद्धेने म्हणत होती ते पाणीपुरवठा खात्याच्या दप्तरीही तसेच आहे. फक्त, ती नदी आणखी खाली आळंदीला पोचेपर्यंत तिच्या अंगावर कधीकधी असा पांढरा फेस चढलेला असतो की दुरून पाहणाऱ्याला नदीला दाढी करायची आहे असे वाटावे, ही गोष्ट सूनबाईंनी उलटतपासणीत पुढे आणली, आणि आई गप्प बसली. पाणी आळंदीच्या वरच उचलले जाते हा बचावाचा मुद्दा मला सुचला, पण तो रात्री अंथरुणावर पडल्यावर.

पाणी शुद्ध करून प्यावे ही कल्पना आपल्याकडे नवी आहे अशातला भाग नाही. माझ्या बालपणी हंड्याच्या तोंडावर चौपदरी पंचा बांधलेला असे, पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटीचा खडा तीन वेळा फिरवला जाई आणि आजी सहाणेवर निवळीची बी उगाळून ती घागरीत घाली. ह्या निवळीलाच संस्कृतात कतक म्हणतात, आणि कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही असा एक दाखला मनुस्मृतीतही आलेला आहे. स्मृतिकारांच्या काळी जाहिरातीचा उदय झालेला नव्हता, हे त्यावरून सिद्ध होते. आज एखाद्या सुविख्यात सिनेतारकेने यंत्राकडे बोट दाखवून त्याचे नुसते नाव जरी घेतले, तरी निम्म्या महाराष्ट्राचे पाणी घरबसल्या निवळते.

असो. मी शिरस्त्याप्रमाणे तीन दरपत्रके मागवण्यासाठी साने चौकात गेलो. दुकानात भिंतीवर ओळीने यंत्रे लावली होती. त्यांच्या पारदर्शक पोटांत निळा दिवा लागलेला असून आत पांढऱ्या नळ्यांची आतडी दिसत होती. दुकानदाराने प्रत्येकाची पदवी वाचून दाखवली: हे नुसते आरो, हे आरो अधिक यूव्ही, हे आरो अधिक यूव्ही अधिक यूएफ, आणि हे सर्वांहून वरिष्ठ, ज्यात वरील सर्व अर्हतांखेरीज अल्कलाइन, कॉपर आणि झिंक आहे. कॉपर आणि झिंक हे शब्द ऐकून मी क्षणभर सद्गदित झालो. तांबे आणि जस्त यांचा हिशेब मी एकतीस वर्षे किलोने ठेवला, गोदामातून त्यातले दोनशे ग्रॅम कमी भरले तर खुलासे लिहून दिले. ती घट कामगारांनी पिऊन टाकली असेल, हे स्पष्टीकरण मला एकदाही सुचले नाही.

“ह्यात क्षार काढून टाकतात ना?” मी विचारले.

“सगळे काढतो, काका. शंभर टक्के.”

“आणि मग हे काय?”

“हे मिनरल कार्ट्रिज. काढलेले मिनरल परत घालतं.”

म्हणजे ज्या इसमांना एका दाराने हद्दपार केले, त्यांनाच दुसऱ्या दाराने सनदा देऊन परत बोलावण्याची ही व्यवस्था होती. संस्थानी कारभारात असे पूर्वी होत असे असे वाचले आहे. त्याला साडेबावीस हजार रुपये पडतात हे मात्र त्या दिवशी कळले. नुसत्या आरोचे साडेआठ हजार, मधल्याचे चौदा हजार नऊशे नव्याण्णव. तिन्ही आकडे मी फुलस्केप कागदावर उतरवून घेतले, आणि जाता जाता, मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला आरो लावण्यास बंदी घालावी असे निर्देश केंद्र सरकारला दिले होते, त्याचे काय, असेही विचारून पाहिले. दुकानदाराने माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिले की मीच ओशाळलो. “ते दिल्लीचं असेल, काका,” तो म्हणाला. “आपल्याकडं काय नाय.”

हे यंत्र चालते कसे, याचा अभ्यास मी मग घरी केला. कारण माल कसा बनतो हे ठाऊक नसताना त्याची खरेदी करणे म्हणजे आंधळ्याने कुस्तीचा निकाल देणे होय. त्याची कुळकथा अशी. १७४८ साली नोले नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूने मद्याने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि ते पाण्यात बुडवून ठेवले. तेव्हा पाणी त्या पडद्यातून आपण होऊन आत शिरू लागले व पडदा फुगून वर आला. पातळ द्रवाने दाट द्रवाकडे जाण्याची ही जी निसर्गदत्त ओढ, तिच्या उलट जोर लावून पाण्याला दाटाकडून पातळाकडे ढकलले की क्षार मागे राहतात. हे व्यवहारात आणण्याजोगा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी तयार केला. सौरीराजन हे नाव उच्चारताच सौभाग्यवतीच्या मनात यंत्राविषयी एकदम आपुलकी उत्पन्न झाली, “आपल्यातलाच कुणीतरी आहे म्हणायचा,” असे ती म्हणाली. धर्मगुरू, मद्य आणि डुकराचे मूत्राशय हा वंशवृक्षाचा पूर्वार्ध मात्र मी आईपासून आजतागायत दडवून ठेवला आहे, आणि हा लेख तिच्या हाती पडणार नाही अशी तजवीजही केली आहे.

यंत्राच्या अंतरंगातील मुख्य अडचण मला दिसली ती वेगळीच. पाण्याचा एक लिटर पडद्यापलीकडे पोचावा म्हणून घरगुती यंत्रे सर्वसाधारणपणे दोन ते तीन लिटर पाणी गटाराकडे वळवतात. चार नगांपैकी तीन नग बाद! आमच्या कारखान्यात असा अहवाल एखाद्या तपासनिसाने दिला असता तर चौथा बाद होणारा नग तो स्वतः ठरला असता. आणि हे कोठे, तर ज्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून पाणी एक दिवसाआड येते, जेथे पाण्याच्या दिवशी माणसे लग्नाची आमंत्रणे नाकारतात, तेथे.

ह्या विचारात मी असतानाच एका संध्याकाळी दारावरची घंटा वाजली आणि गळ्यात ओळखपत्र, पाठीला पिशवी आणि पायांत धुळीने माखलेले काळे बूट अशा वेषातला एक तरुण उंबऱ्याशी उभा राहिला. “सर, घ्यायचं काहीच नाही. फक्त डेमो बघा.” पूर्वी टाय बांधलेले विक्रेते दारोदार येत तेव्हापासूनचा माझा अनुभव असा की ‘घ्यायचं काहीच नाही’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते तेथून ते बहुधा पावती फाडूनच बाहेर पडते; पण सूनबाईंनी तोवर त्याला बसायला सांगितले होते.

त्याने स्वयंपाकघरातून दोन काचेचे पेले मागवले. एकात आमच्या नळाचे पाणी घेतले, दुसऱ्यात आपल्या बाटलीतील आरोचे. मग पिशवीतून एक चौकोनी काळी डबी काढली. तिला खाली धातूच्या चार कांड्या होत्या, त्या दोन-दोन अशा प्रत्येक पेल्यात बुडवल्या आणि डबीची पिन आमच्या टीव्हीशेजारच्या प्लगात खुपसली. अर्ध्या मिनिटात आमच्या पेल्यात प्रथम पिवळसर, मग हिरवट, मग साक्षात शेवाळी रंगाची ढगाळ घाण गोळा होऊ लागली, तिचे तुकडे सुटून तळाशी बसू लागले, वर तपकिरी फेसाची साय धरली. आणि त्याच्या पेल्यातले पाणी मात्र श्रावणातल्या आकाशासारखे कोठे नुसती छटा येईल न येईल इतपत. सौभाग्यवतीने पदर तोंडाला लावला. नात “ईऽऽ” म्हणाली. आईसुद्धा जपमाळ थांबवून पुढे सरकली.

“हे तुम्ही रोज पिताय, सर,” तरुण अत्यंत हळू आवाजात, शोकसभेत बोलावे तसा म्हणाला.

दुसरा कोणी असता तर त्याच क्षणी सही करता. परंतु आमच्या कारखान्यात प्लेटिंगचे खाते होते, आणि हौदात सळ्या बुडवून वीज सोडली म्हणजे एका सळईचे काय होते हे मी पुष्कळ वर्षे पाहिले होते. ती घाण पाण्यातली नव्हती. ती त्याच्या कांडीची होती. लोखंडाची कांडी विजेने झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, आरोच्या पाण्यात ते जवळजवळ नसतात म्हणून वाहत नाही. साक्षीदारानेच मुद्देमाल घरात टाकून पंचनामा करावा, त्यातला हा प्रकार.

मी स्वयंपाकघरात गेलो, मिसळणाच्या डब्याशेजारची मिठाची बरणी उघडली, चिमूटभर मीठ आणले आणि त्याच्या निर्मळ पेल्यात सोडले.

“काका, मीठ नका टाकू ना,” तो एकदम घरच्या बोलीत आला. साहेबाचा काका होण्यास एक चिमूट मीठ पुरते. “डबी लावा,” मी म्हणालो. त्याने नाइलाजाने लावली. आरोचे पाणी हिरवे झाले, शेवाळी झाले, तपकिरी झाले, आणि आमच्या पेल्यापेक्षा चांगला बोटभर जाड गाळ त्याच्या तळाशी बसला. घरात काही वेळ शांतता पसरली. मला वाटले होते आता टाळ्या पडतील, त्याऐवजी आई म्हणाली, “पोराला चहा टाका गं. केवढा घामाघूम झालाय.”

चहा घेताना त्याने सांगितले की तो लातूरकडचा, विज्ञान शाखेचाच पदवीधर, महिन्याला बारा यंत्रे खपवली तर पगार, नाहीतर नुसते पेट्रोल. कांडीचे त्याला ठाऊक होते. “पण काका, हे नाही दाखवलं तर दार कोण उघडतं?” असे त्याने विचारले, आणि ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कोणत्याही दप्तरात नव्हते. जाताना त्याने पिण्यास पाणी मागितले. सूनबाई बाटली आणायला वळल्या, तर म्हणाला, “वहिनी, माठातलंच द्या.”

ह्या प्रसंगाने माझी प्रतिष्ठा वाढली खरी, पण प्रश्न सुटला नाही. कारण त्याचा पुरावा खोटा ठरल्याने आमचे पाणी निर्दोष ठरत नव्हते. तेव्हा मी शेजारच्या इमारतीतल्या एका सद्गृहस्थांकडे गेलो, ज्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टीडीएस मोजण्याचे मीटर असते. ते कोणाच्याही घरी पाणी पिण्यापूर्वी ते पेल्यात बुडवतात, आकडा मोठ्याने वाचतात आणि मग पितात किंवा पीत नाहीत. आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी ते पंचामृतात बुडवले होते, आकडा काय आला हे कोणी विचारण्याआधीच गुरुजींनी “यंत्र सोवळ्यातलं आहे का?” असे विचारल्यामुळे तो प्रयोग तहकूब झाला. मीटर बिचारे पाण्यातून वीज किती वाहते एवढेच पाहते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अदमास सांगते. त्यात मूठभर साखर विरघळवली तर ते ढिम्म हलत नाही, आणि जंतूंनी भरलेल्या पाण्याला नव्वद गुण देऊन पास करते. पण त्या गृहस्थांची त्यावर श्रद्धा आहे, आणि श्रद्धेची यंत्रे उसनी मिळतात.

मी तीन बाटल्या भरल्या. पहिलीत महापालिकेच्या दिवसाचे पाणी, दुसरीत टँकरचे, तिसरीत सोसायटीच्या बोअरचे. महापालिकेच्या पाण्याचा आकडा आला ९४. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे. तेव्हा सह्याद्रीवर पडलेल्या पावसाला आमच्याकडून क्षार काढून घेण्याची वस्तुतः काहीच गरज नव्हती, त्याला फक्त जंतूंपुरता यूव्हीचा दिवा पुरला असता. टँकरच्या बाटलीचा आकडा ७१०. बोअरचा ११६०. आणि ज्या आठवड्यात नातीचे पोट बिघडले त्या आठवड्यात नळाला पाणी कमी दाबाने आले होते आणि सोसायटीने दोन टँकर मागवले होते, हे मी नोंदवहीत तारखेनिशी शोधून काढले. पाणीपुरीचाही त्याच तारखेला उल्लेख आहे, पण तो मी वाचून दाखवला नाही.

अशा रीतीने तीन प्रकारच्या पाण्याची तीन दरपत्रके तयार झाली, जी खरे म्हणजे यंत्राच्या दरपत्रकांच्या आधीच मागवायला हवी होती. यंत्र निवडताना सगळे यंत्राकडे बघतात. पाण्याला कोणी विचारीत नाही की बाबा, तू कोण, कोठून आलास. माझे मत असे झाले की नुसता यूव्हीचा दिवा घ्यावा आणि टँकरच्या दिवशी वीस लिटरचा जार आणावा. तसा तुलनात्मक तक्ता करून मी तो रात्री जेवणाच्या वेळी सादर केला. सौभाग्यवतीने तो वाचला, आमटी वाढली आणि म्हणाली, “अहो, टँकर येणार हे आधी कुठं सांगून येतो? पहाटे टाकीत पडतो, सकाळी आपण पितो.” एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तक्त्यावर एवढा संक्षिप्त आणि बिनतोड शेरा कोणी मारला नव्हता. मधले यंत्र घेण्याचे ठरले. आरो अधिक यूव्ही, तांब्या-जस्ताविना.

ते बसवायला कारागीर आला, त्याने ओट्यावर भोके पाडली, नळ्या जोडल्या, आणि पहिला पेला भरून माझ्या हातात दिला. मी प्यायलो. ते पाणी होते, यापलीकडे त्याविषयी काही सांगता येत नव्हते. पावसात भिजलेला कोरा कागद चाटावा तशी चव. मी तोंड वाकडे केलेले पाहून कारागिराने पान्हा घेऊन मागचा एक बारीक स्क्रू पिळला. “टीडीएस सेट केला, काका. आता गोड लागेल.” स्क्रू पिळल्याने काय होते, असे विचारता तो म्हणाला की मूळचे थोडे पाणी पडद्यातून न जाता बाजूने येऊन शुद्ध पाण्यात मिसळते. म्हणजे चौदा हजार नऊशे नव्याण्णव रुपये देऊन जी भिंत बांधली, तिलाच आता खिडकी ठेवली. पण पाणी खरोखरच गोड लागले, आणि मी पावतीवर सही केली.

यंत्राला आता पाच महिने झाले. बाद पाण्याची नळी बादलीत सोडली आहे. त्या पाण्याने फरशी पुसली जाते, मोरी धुतली जाते, आणि ते तुळशीला घालावे असे मी सुचवले तेव्हा आईने ज्या नजरेने पाहिले त्यावरून तो विषय कायमचा निकालात निघाला आहे. तिला स्वतःला यंत्राचे पाणी थंड लागत नाही. म्हणून रोज सकाळी पावणेसहाला सूनबाई यंत्रातून दोन तांबे भरतात आणि माठात ओततात, माठाला ओले फडके गुंडाळतात, आत वाळ्याची जुडी सोडतात, आणि घरातील सर्व माणसे, मी धरून, माठातलेच पाणी पितात.

शेजारच्या गृहस्थांनी मीटर अजून परत मागितलेले नाही. ज्या कोणा वाचकाला आपल्या पाण्याचा आकडा पाहायचा असेल त्याने खुशाल आमच्याकडे यावे. येताना नळाची, टँकरची आणि बोअरची अशा तीन बाटल्या आणाव्यात, प्रत्येकीवर तारीख घालावी, आणि आमच्याकडे पाणी येण्याचा दिवस तेवढा टाळावा, त्या दिवशी आम्ही कोणाशी बोलत नाही.